स्पार्टाकस

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोम हे नगर भूमध्य समुद्राभोवतालच्या बहुतेक प्रदेशाचे स्वामी बनले होते. ग्रीस, स्पेन, आफ्रिकेचा उत्तर किनारा, आशियाचा पश्चिम भाग अशा दूरदूरच्या देशांतून धान्य, तेल, संगमरवर आणि सोने रोमच्या बाजारात येई. आणि त्याबरोबर माणसेही विक्रीस येत. लढाईत पाडाव झालेले शिपाई, लुटलेल्या गावांतील बायकामुले, चाच्यांनी समुद्रावर पकडलेले प्रवासी या सर्वांस बाजारात उभे करून त्यांची किंमत ठरविली जाई. एकदा विकला गेलेला मनुष्य हा धन्याची मालमत्ता होई. त्याने शेत नांगरावे, खाणीत खपावे, गुरे राखावी अथवा धन्याच्या मुलांस शिकवावे. त्याच्या श्रमांवर, त्याच्या मुलांवर, किंबहुना त्याच्या प्राणांवरही हक्क धन्याचाच असे.

ह्या गुलामांपैकी जे अंगाने धिप्पाड व शस्त्र चालविण्यात तरबेज असत, त्यांतील कित्येकांच्या वाट्यास एक निराळेच काम येई. लोकांच्या करमणुकीसाठी त्यांना एकमेकांशी झुंजावे लागे. अशा योद्ध्यास ग्लॅडिएटर म्हणत. ही चाल मुळात थोरामोठ्यांच्या उत्तरक्रियेतून निघाली. रोममध्ये अशी पहिली झुंज इ. स. पूर्वी २६४ या वर्षी झाल्याची नोंद आहे. ब्रूटस पेरा नावाचा एक सरदार मरण पावला, तेव्हा त्याच्या मुलांनी गुरांच्या बाजारात तीन जोड्या झुंजविल्या. पुढे मृताचे निमित्त मागे पडले आणि करमणूक तेवढी उरली. निवडणुकीस उभ्या राहणाऱ्या श्रीमंतांनी लोकांची मर्जी संपादण्यासाठी झुंजी भरवाव्या, आणि लोकांनी सणास जावे तसे त्या पाहावयास जावे, असे होऊ लागले. आज रोममध्ये ज्याचे अवशेष दिसतात ते कलोसियम त्या काळी बांधले गेले नव्हते; ते इ. स. ८० मध्ये खुले झाले. त्यापूर्वी रोमच्या चौकात लाकडी बैठका उभारून मधल्या मोकळ्या जागेत वाळू पसरीत. वाळू पसरण्याचे कारण असे, की पाय घसरू नये आणि सांडलेले रक्त शोषले जावे.

प्रत्येक झुंजीत एकाचा मृत्यू होत असेच असे नाही. हरलेल्या योद्ध्याने जीवदान मागावे, प्रेक्षकांनी आरोळ्या ठोकून आपली इच्छा कळवावी आणि झुंज भरविणाऱ्याने निकाल द्यावा, असा रिवाज होता. परंतु ज्याचा जीव वाचे, तो पुढच्या झुंजीसाठीच वाचे.

इटलीतील कापुआ ह्या शहरात ग्लॅडिएटर तयार करण्याच्या तालमी होत्या. त्यांपैकी एक लेंट्युलस बाटिॲटस नावाच्या मनुष्याच्या मालकीची होती. तेथे बहुतेक योद्धे गॉल आणि थ्रेस ह्या देशांतील होते. त्यांच्यापैकी कोणी चोर वा खुनी म्हणून तेथे आलेला नव्हता. मालकाने विकत घेऊन कोंडले, एवढाच त्यांचा अपराध. त्यांना अंग भरावे म्हणून जवाचे अन्न देत. जखम झाली तर वैद्य बोलावीत. पाळलेल्या बैलाची काळजी शेतकरी घेतो त्यातलीच ही काळजी होती. बैल मेला तर पैसे बुडतात! सराव लाकडी तलवारींनी चाले. खरी शस्त्रे मात्र कुलपात राहत.

ह्या तालमीत स्पार्टाकस होता.

तो थ्रेसचा राहणारा. थ्रेस म्हणजे ग्रीसच्या उत्तरेचा डोंगराळ प्रदेश; त्याचा मोठा भाग आज बल्गेरिया देशात मोडतो. स्पार्टाकसचा जन्म कोणत्या वर्षी झाला, त्याचे आईबाप कोण होते, हे कोणत्याही ग्रंथात नमूद नाही. त्याने स्वतः लिहिलेली एक ओळही मागे राहिलेली नाही. त्याची हकिगत लिहून ठेवली ती त्याच्या शत्रूंच्या बाजूच्या लेखकांनी, आणि तीही बहुतेक त्याच्या मृत्यूनंतर दीड-दोन शतके लोटल्यावर. तरीसुद्धा प्लूटार्क ह्या ग्रीक चरित्रकाराने, तो अंगबळाने व धैर्याने मोठा होताच, पण त्याहीपेक्षा बुद्धीने आणि सौम्यपणाने आपल्या स्थितीपेक्षा पुष्कळ वरचा होता, अशा आशयाची नोंद केली आहे. शत्रूच्या गोटातून आलेली ही साक्ष आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

काही काळ स्पार्टाकस रोमन सैन्यात शिपाई होता. पुढे तो कैदेत सापडला व विकला गेला. रोममध्ये त्यास प्रथम विक्रीसाठी आणले, तेव्हा तो झोपेत असता त्याच्या तोंडाभोवती एका सापाने वेटोळे घातले होते, अशी आख्यायिका आहे. त्याची पत्नी त्याच्याच जमातीची असून भविष्य सांगत असे. हे चिन्ह मोठ्या व भयंकर सामर्थ्याचे आहे, असा अर्थ तिने केला. आख्यायिका खरी असो वा नसो. ती स्त्री मात्र पुढे कापुआहून निघालेल्या लोकांत पतीबरोबर होती.

इ. स. पूर्वी ७३ या वर्षी तालमीतील सुमारे २०० जणांनी पळून जाण्याचा बेत केला. तो फुटला. ज्यांना ही बातमी वेळीच कळली, अशा ७८ जणांनी क्षणाचाही विलंब न लावता मुदपाकखान्यात धाव घेतली. तेथे मांस कापण्याच्या सुऱ्या आणि मांस भाजण्याच्या लोखंडी सळया होत्या. तीच शस्त्रे उचलून त्यांनी पहारेकऱ्यांची फळी फोडली आणि ते रस्त्यास लागले. योगायोग असा, की वाटेत त्यांना दुसऱ्या शहरी ग्लॅडिएटरांची शस्त्रे नेणारे गाडे भेटले. ते त्यांनी लुटले. जी शस्त्रे प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी चालली होती, ती आता दुसऱ्याच कामास लागली. ह्या लोकांनी आपले तीन पुढारी निवडले. स्पार्टाकस हा मुख्य, आणि क्रिक्सस व ईनोमाउस हे गॉल त्याच्या जोडीला.

ते व्हेसूव्हिअस पर्वतावर चढून बसले. त्या काळी हा ज्वालामुखी निद्रिस्त होता; माथ्यावर रानद्राक्षांच्या वेली माजल्या होत्या. (ह्याच पर्वताने पुढे सुमारे दीडशे वर्षांनी, इ. स. ७९ मध्ये, पाँपेई शहर राखेखाली गाडून टाकले.) रोमहून ग्लाबर नावाचा अधिकारी ३,००० शिपाई घेऊन आला. पर्वतावर जाण्यास एकच अरुंद व बिकट वाट होती, आणि बाकी सर्व बाजूंस तुटलेले गुळगुळीत कडे. ग्लाबरने ती वाट अडविली आणि तो स्वस्थ बसला. पळालेले गुलाम भुकेने हैराण होतील व आपण होऊन खाली येतील, असा त्याचा हिशेब होता. चिमूटभर गुलामांसाठी छावणीभोवती तटबंदी तरी कशाला करावयाची!

स्पार्टाकसच्या माणसांनी वेली तोडल्या, त्यांना पीळ घातला आणि कड्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पोचतील अशा लांब व बळकट शिड्या विणल्या. मग एकामागून एक सर्वजण त्या शिड्यांवरून खाली उतरले. एक मनुष्य तेवढा वर राहिला. त्याने सर्वांची शस्त्रे खाली सोडली आणि शेवटी तोही सुखरूप उतरला. रोमन शिपायांना ह्यातले काहीच कळले नाही. गुलामांनी वळसा घालून पाठीमागून छावणीवर झडप घातली, तेव्हा शिपाई जीव घेऊन पळाले आणि छावणी गुलामांच्या हाती पडली.

ही बातमी वणव्यासारखी पसरली. आसपासच्या कुरणांतील गुराखी व मेंढपाळ येऊन मिळाले. ते काटक होते आणि त्यांना रानावनाची माहिती होती. मोठमोठ्या जमीनदारांच्या शेतांवर रात्री कोंडून ठेवले जाणारे गुलाम आले. त्यांनी वेताच्या ढाली विणून त्यांवर कातडी चढविली, आणि कोंडवाड्यांतील लोखंड वितळवून तलवारी घडविल्या. दुसरे रोमन सेनापती चालून आले, तेही हरले. वारिनिअस नावाच्या सेनापतीचा तर घोडा आणि त्याच्यापुढे दंडांच्या जुड्या घेऊन चालणारे चोपदार हेही स्पार्टाकसने पकडले. रोममध्ये ह्या चोपदारांना राज्याच्या प्रतिष्ठेची खूण मानीत.

थोड्याच काळात ७८ जणांचे ७०,००० झाले, असे एका प्राचीन इतिहासकाराने म्हटले आहे. एवढ्या लोकांस खावयास काय घालावे आणि शिस्त कशी लावावी, हा प्रश्न लढाईपेक्षा सोपा नव्हता. दक्षिण इटलीतील थुरी शहराच्या परिसरात मुक्काम असताना स्पार्टाकसने एक नियम केला. व्यापाऱ्यांनी छावणीत सोने अथवा चांदी आणू नये, आणि आपल्या लोकांनीही ती जवळ बाळगू नये. लोखंड व तांबे मात्र हवे तेवढे विकत घ्यावे. लूट मिळेल ती सर्वांनी सारखी वाटून घ्यावी, असाही त्याचा परिपाठ होता. सोन्यासाठी माणसे विकणाऱ्या त्या जगात सोन्यास बंदी असलेली ही छावणी विलक्षणच म्हटली पाहिजे.

इ. स. पूर्वी ७२ मध्ये रोमच्या सिनेटने दोन्ही कॉन्सलांना, म्हणजे राज्याच्या सर्वश्रेष्ठ अधिकाऱ्यांना, सैन्य देऊन पाठविले. याच सुमारास गुलामांत फूट पडली होती. क्रिक्सस आपले लोक घेऊन वेगळा झाला होता. गार्गानस पर्वताजवळ रोमनांनी त्याला गाठून ठार केले. स्पार्टाकसने मात्र दोन्ही कॉन्सलांचा वेगवेगळ्या लढायांत पराभव केला. मग त्याने क्रिक्ससची उत्तरक्रिया केली. तीनशे रोमन कैदी आणून त्याने त्यांना ग्लॅडिएटरांप्रमाणे एकमेकांशी झुंजावयास लावले. जे कालपर्यंत बैठकांवर बसून पाहत, ते वाळूत उतरले. आणि जे वाळूत मरत, ते भोवती उभे राहून पाहू लागले. स्पार्टाकसच्या चरित्रातील ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. तिच्यात सूड होता, आणि सुडाला जे क्रौर्य लागते तेही होते. पुढे कूच करताना त्याने उरलेले कैदीही मारविले.

तथापि त्याचे लक्ष सुडावर नव्हते. रोमचे सामर्थ्य तो ओळखून होता. आज दोन सैन्ये बुडविली तरी उद्या चार उभी करण्याचे बळ त्या राज्यात आहे, हे त्या जुन्या शिपायास समजत होते. म्हणून आपल्या लोकांस घेऊन तो उत्तरेकडे आल्प्स पर्वताच्या रोखाने निघाला. पर्वत ओलांडावा, मग गॉलांनी गॉलमध्ये जावे, थ्रेसच्या लोकांनी थ्रेसला जावे, ज्याने त्याने आपले घर गाठावे, एवढाच त्याचा बेत होता. मुटिना शहराजवळ उत्तरेकडील प्रांताचा सुभेदार कॅसिअस १०,००० सैन्यानिशी आडवा आला. त्याचाही पराभव झाला. आता आल्प्सची वाट मोकळी होती.

आणि येथेच सर्व फिरले. त्याचे सोबती पर्वत ओलांडावयास तयार होईनात. एकामागून एक मिळालेल्या विजयांनी ते धुंद झाले होते. संख्या मोठी, हातात शस्त्रे, समोर समृद्ध इटली; मग पळून का जावे, असे त्यांना वाटू लागले. कित्येकांचा तर जन्मच इटलीत गुलाम म्हणून झाला असेल. त्यांना पर्वतापलीकडे घर होते कोठे? सक्ती करून माणसांना स्वतंत्र करता येत नाही. स्पार्टाकस एकटा पर्वत ओलांडून जाऊ शकला असता. तो आपल्या लोकांबरोबर मागे फिरला.

इकडे रोममध्ये घबराट उडाली होती. अखेर सिनेटने मार्कस क्रॅसस ह्याच्या हाती सैन्य दिले. क्रॅसस हा रोममधील अत्यंत धनाढ्य मनुष्य. शहरात घरास आग लागली, की ते जळते घर व त्याच्या शेजारची घरे तो पडत्या भावाने विकत घेई आणि आपल्या ५०० गवंडी-सुतार गुलामांकडून पुन्हा उभारून घेई. त्याच्या एका दुय्यम अधिकाऱ्याने आज्ञा मोडून लढाई दिली, आणि कित्येक शिपाई शस्त्रे टाकून पळाले. तेव्हा क्रॅससने त्यांतील ५०० जण निवडले, दहा दहांचे ५० गट पाडले आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकून एकेकास सर्वांदेखत ठार करविले. त्यानंतर त्याचे शिपाई स्पार्टाकसपेक्षा आपल्या सेनापतीसच अधिक भिऊ लागले असल्यास नवल नाही.

स्पार्टाकस इटलीच्या दक्षिण टोकास गेला. समोर अरुंद सामुद्रधुनी आणि पलीकडे सिसिली बेट. तेथे काही वर्षांपूर्वीच गुलामांचे मोठे बंड होऊन गेले होते; विस्तवावर फुंकर घालण्याचाच अवकाश होता. सिलिशियाच्या चाच्यांनी आपल्या लोकांना पार न्यावे, असा करार त्याने केला. चाच्यांनी नजराणे घेतले आणि शीड उभारून ते निघून गेले. लोकांनी पिंपे व लाकडे बांधून तराफे केले. परंतु सामुद्रधुनीच्या जोरकस प्रवाहापुढे त्यांचा टिकाव लागला नाही.

आता पाठीमागे क्रॅसस आला. त्याने एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा, १५ फूट रुंद व तितकाच खोल खंदक खणविला आणि त्यावर उंच भिंत घातली. पिंजऱ्याचे दार लागले असे रोमनांना वाटले. प्रथम स्पार्टाकसनेही ह्या भिंतीकडे तुच्छतेने पाहिले. पण छावणीतील धान्य संपत आले, तेव्हा तिची किंमत त्यास कळली. मग एका रात्री बर्फ पडत होते आणि वादळी वारा सुटला होता. माती, लाकडे व झाडांच्या फांद्या टाकून त्याने खंदकाचा थोडासा भाग भरून काढला आणि सैन्याचा एक तृतीयांश भाग पलीकडे नेला. क्रॅससचा सारा खटाटोप एका रात्रीत फुकट गेला.

परंतु वेळ भरत आली होती. स्पेनमधून पाँपे आणि मॅसिडोनियाकडून लुकुलस असे दोन सेनापती सैन्य घेऊन इटलीत येत होते. गुलामांत पुन्हा फूट पडली, आणि वेगळ्या झालेल्या एका मोठ्या तुकडीचा क्रॅससने नाश केला. त्या लढाईत १२,३०० गुलाम पडले, आणि त्यांपैकी पाठीवर जखम असलेले केवळ दोघे सापडले, असे प्लूटार्क लिहितो. त्यानंतर स्पार्टाकसने एका पाठलाग करणाऱ्या रोमन तुकडीस पिटाळून लावले. हा त्याचा शेवटचा विजय. आणि तोच त्याच्या नाशास कारण झाला. त्याचे लोक चढून गेले. आता माघार नको, रोमनांवर तुटून पडू, असा हट्ट त्यांनी शस्त्रे उपसून धरला.

इ. स. पूर्वी ७१ मध्ये लुकानिया प्रांतात निर्णायक लढाई झाली. लढाईस तोंड लागण्यापूर्वी स्पार्टाकसचा घोडा त्याच्यापुढे आणला. त्याने तलवार काढून त्या घोड्यास ठार केले. जय झाला तर शत्रूचे चांगले घोडे पुष्कळ मिळतील आणि पराजय झाला तर घोड्याची गरजच उरणार नाही, असे त्याने सांगितले. मग तो पायी रणात शिरला. तो सरळ क्रॅससच्या दिशेने निघाला होता. बाणभाल्यांतून व जखमी माणसांच्या गर्दीतून तो पुढे सरकत होता. वाटेत दोन रोमन शतपती एकदम अंगावर आले. दोघांनाही त्याने पाडले. क्रॅससपर्यंत मात्र तो पोचू शकला नाही. मांडीत भाला घुसून तो गुडघ्यावर आला. तशाही स्थितीत ढाल पुढे धरून, चोहो बाजूंनी वेढला जाईपर्यंत तो लढत राहिला. लढाई संपल्यावर रणांगणात प्रेतांचे ढीग पडले होते. त्यांत स्पार्टाकसचे शव कधीच सापडले नाही.

जिवंत पकडलेल्या ६,००० गुलामांना क्रॅससने क्रुसांवर खिळविले. कापुआपासून रोमपर्यंत जाणाऱ्या ॲपियन रस्त्यावर हे क्रूस उभारले गेले. हे अंतर सुमारे २०० किलोमीटर. म्हणजे सरासरी दर तीस-पस्तीस मीटरांवर एक माणूस! ज्या शहरातून ते पळाले, तेथूनच ही रांग सुरू होत होती. पळून निघालेल्या ५,००० लोकांची पाँपेच्या सैन्याशी गाठ पडली. त्यांना मारून पाँपेने सिनेटास असे कळविले, की क्रॅससने लढाई जिंकली खरी, पण युद्धाचे मूळ उपटले ते आपणच. दोघांचे वाकडे आले, तरी इ. स. पूर्वी ७० मध्ये दोघेही कॉन्सल झाले.

ग्लॅडिएटरांच्या झुंजी थांबल्या नाहीत. इ. स. पूर्वी ६५ मध्ये ज्यूलियस सीझरने लोकांसाठी मोठा खेळ भरविला. त्यासाठी त्याने इतके ग्लॅडिएटर जमविले, की त्याचे विरोधक घाबरले, आणि शहरात अमुक संख्येपेक्षा अधिक ग्लॅडिएटर कोणी ठेवू नयेत असा कायदा झाला. तरीही ३२० जोड्या झुंजल्याच. कलोसियम खुले झाले तेव्हा तर १०० दिवस खेळ चालले. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये ह्या झुंजींविरुद्ध फर्मान काढले, आणि त्यानंतरही त्या पूर्णपणे बंद पडण्यास जवळजवळ आणखी एक शतक लागले.

स्पार्टाकसच्या लोकांपैकी काहीजण त्या अखेरच्या लढाईतून निसटले होते. सोन्यास बंदी घालून जेथे त्यांनी एकदा मुक्काम केला होता, त्याच थुरीच्या परिसरात ते राहिले. इ. स. पूर्वी ६० मध्ये ऑक्टेव्हिअस नावाचा रोमन अधिकारी मॅसिडोनियाच्या सुभेदारीवर निघाला, तेव्हा वाटेत त्या लोकांचा बंदोबस्त करण्याचे काम सिनेटने त्याच्याकडे सोपविले. स्पार्टाकस पडून त्या वेळी अकरा वर्षे झाली होती. तितकी वर्षे ते कोणाचेही गुलाम नव्हते.